गुरुवारची ओळ

आमच्या घरात लोकशाही होती. हे मी कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते. इतरांच्या घरी पैसे कमी पडले की बाप ओरडायचा, एखादा खर्च बंद व्हायचा आणि विषय मिटायचा. दोन दिवस मुलं फुरंगटून बसायची, तिसऱ्या दिवशी विसरायची. आमच्याकडे ओरडायची सोय नव्हती. आमच्याकडे मतदान व्हायचं.

बाबा कारखान्यात लेथवर टर्नर होते आणि कामगार संघटनेचे खजिनदार. संघटनेच्या सभा त्यांच्या अंगात इतक्या मुरल्या होत्या, की घरीसुद्धा ते "या मुद्द्यावर कुणाला काही बोलायचंय का?" असं विचारल्याशिवाय बटाटे आणायला जात नसत. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारचा चहा झाला की स्वयंपाकघरातलं टेबल पुसायचं, त्याच्या लंगड्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी नीट सरकवायची आणि आम्ही पाचही जणांनी भोवती बसायचं: बाबा, आई, आत्या, दादा आणि मी. बाबा वही उघडायचे. डावीकडे ओळी, उजवीकडे आकडे. भाडं, वीज, धान्य, दूध, शाळेची फी. त्याखाली पट्टी लावून मारलेली एक लाल रेघ, आणि रेघेखाली माणशी एक ओळ.

रेघेवरच्या खर्चाला हात लावायचा नाही, असा नियम होता. रेघेखालची ओळ म्हणजे ज्याची त्याची चैन. चैन हा शब्द बाबांचा. त्यांची चैन म्हणजे रोजचं वर्तमानपत्र. आई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री विभागात उभ्याने काम करायची. तिची चैन म्हणजे महिन्यातून एकदा मावशीबरोबर सिनेमा. दादाची बुद्धिबळाच्या क्लबची वर्गणी. माझी चित्रकलेच्या वर्गाची फी. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात लहान आकडा असलेली आत्याची ओळ. त्या ओळीत नुसतं "गुरुवार" असं लिहिलेलं असायचं. जायला दोन बस, यायला दोन बस, एवढंच भाडं.

पगारात तूट आली की रेघेखालची एक ओळ जायची. कुणाची, ते मतदानाने ठरायचं. आधी प्रत्येकाला आपल्या ओळीची बाजू मांडायला दोन मिनिटं. मग चिठ्ठ्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घड्या घालून टाकायच्या. चिठ्ठ्या वाचायचं काम आत्याकडे, कारण तिचा आवाज स्वच्छ होता आणि तिच्या प्रामाणिकपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती. ज्याची ओळ गेली, त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्यागाचा सन्मान झाला पाहिजे, असं बाबांचं म्हणणं होतं. शेजारच्या काकूंना वाटायचं, आमच्याकडे दर दोन महिन्यांनी कुणाचा तरी वाढदिवस असतो.

हसू येतं ना? मलाही येतं. पण ते फार वेळ टिकत नाही.

आत्या ही बाबांची मोठी बहीण. सव्वीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. लोक तिला नंबर सांगायचे, ती तारा जोडून द्यायची. मग यंत्रं आली, नंबर आपले आपण लागायला लागले आणि सगळ्या ऑपरेटर बायकांना एकरकमी पैसे देऊन घरी पाठवलं. ती रक्कम तिने बाबांच्या हातात ठेवली. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं डिपॉझिट त्यातून भरलं होतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तिची झोपायची जागा स्वयंपाकघरात, घडीच्या खाटेवर. सकाळी सगळ्यांच्या आधी खाट मिटलेली असायची, म्हणून ती तिथे झोपते हेसुद्धा आम्हाला धड जाणवत नव्हतं. दादाच्या शर्टांच्या झिजलेल्या कॉलरी ती उसवून, उलटवून शिवायची, माझ्या गुडघ्यांना औषध लावायची, आई थकून आली की तिच्या पायांखाली उशी द्यायची. बोलायची कमी. कोणी काही विचारलं की मात्र असं नीट, सुटं सुटं उत्तर द्यायची की वाटावं, पलीकडे कोणी कानाला फोन लावून लिहून घेतंय.

ती गुरुवारी कुठे जायची, ते आज मला माहीत आहे. तुम्हालाही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे आम्ही काय केलं ते नीट कळेल.

एक्स्चेंजमध्ये तिच्या शेजारच्या खुर्चीवर एकोणीस वर्षं एक मैत्रीण बसायची. दोघी मिळून डबा खायच्या, दोघींची एकच छत्री होती. नोकरी गेल्यावर दोन वर्षांनी त्या मैत्रिणीला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. जन्मभर बोलून पोट भरलेल्या बाईची वाचा गेली. तिचं स्वतःचं असं कुणी नव्हतं. एक भाचा होता, तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका शुश्रूषागृहाचे पैसे भरायचा आणि येत मात्र नसे. भेटायची वेळ गुरुवारी आणि रविवारी, चार ते पाच. रविवारी आमच्या घरी सगळे असायचे, काम असायचं, म्हणून आत्याने गुरुवार धरला होता. एक तास ती मैत्रिणीच्या खुर्चीजवळ बसायची आणि आमच्या घरातल्या गोष्टी सांगायची. दादा कसा हरला, मी कशी रुसले, वहिनीच्या हाताला इस्त्रीचा चटका कसा बसला, भावाने सभेत काय भाषण ठोकलं. मैत्रीण अर्ध्या तोंडाने हसायची. दुसऱ्या कुणाचा आवाज तिला आठवडाभर ऐकू येत नसे. म्हणजे यायचा, पण औषध घ्या, कूस बदला, एवढाच.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गुरुवारी आत्या जरा बरे कपडे घालते, अडीचला निघते आणि साडेसहाला परत येते, इतकंच. आल्यावर ती भांडी घासताना गुणगुणायची. तीन वर्षं ती जात होती आणि तीन वर्षं आम्ही ते गुणगुणणं ऐकत होतो.

मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला. पहिल्या महिन्यात बाबांचं वर्तमानपत्र गेलं. त्यांनी स्वतःच आपल्या विरुद्ध इतकं जोरदार भाषण केलं की आमचा नाइलाज झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून बाबा जिन्यात उभे राहून शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र त्यांच्याआधी वाचायला लागले. दुसऱ्या महिन्यातही तोंडमिळवणी होईना. आणखी एक ओळ काढायची, असं ठरलं.

त्या शनिवारी दादाने मला जिन्यात गाठलं. दादा तेव्हा चौदाचा होता आणि स्वतःला मोठा मुत्सद्दी समजायचा. मी हडकुळी आणि सारखी चित्रं काढणारी, म्हणून तो मला पेन्सिल म्हणायचा.

"पेन्सिल, उद्या तू माझा क्लब लिहू नकोस. मी तुझा वर्ग लिहीत नाही."

"मग कुणाचं लिहायचं?"

"आईचा सिनेमा लिहिला तर आई त्या रविवारी घरी बसेल. घरी बसली की आपल्याला अभ्यासाला बसवेल."

"मग आत्याचं?"

दादाने खांदे उडवले. "आत्या काय बोलणार आहे?"

एवढ्या एका वाक्यावर सौदा झाला. आत्या वाईट होती म्हणून नाही, तिची चैन मोठी होती म्हणून नाही. ती काही बोलणार नाही म्हणून. दगडापेक्षा वीट मऊ. आम्ही मऊ वीट शोधली आणि खेळायला गेलो.

रविवारी टेबलाभोवती बसलो. आईने आपली दोन मिनिटं घेतली. "सहा दिवस वाफेत उभी असते," ती म्हणाली, "महिन्यातले तीन तास अंधारात बसून दुसऱ्याचं रडणं बघते, तेवढाच गारवा. बाकी तुमची मर्जी." दादाने बुद्धिबळाने गणित सुधारतं, असं सप्रमाण सिद्ध केलं, प्रगतिपुस्तकाचा उल्लेख मात्र टाळला. मग माझी पाळी आली. मी आदल्या आठवड्यात काढलेलं एक चित्र आणलं होतं. ते आत्याचं होतं. खिडकीशी बसून शर्टाला बटण लावणारी आत्या, सुईत दोरा ओवताना बारीक केलेले तिचे डोळे. आमच्या बाईंनी त्यावर "उत्तम" असा शेरा दिला होता. मी ते टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "वर्ग बंद झाला तर मला हात काढायला कोण शिकवेल? बोटं अजून नीट येत नाहीत."

सगळ्यांनी चित्र हातात घेऊन बघितलं. आत्याने सगळ्यात जास्त वेळ बघितलं. "माझ्यासारखीच आहे गं," ती म्हणाली. "शाबास."

"ताई, तुझी दोन मिनिटं," बाबा घड्याळ हातात धरून म्हणाले.

आत्याने तोंड उघडलं. मला नक्की आठवतं, तिने श्वास घेतला होता. मग ती म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही. पुढे चला."

बाबांनी पुढे चालवलं. मी चिठ्ठीवर "गुरुवार" लिहिलं, चार घड्या घातल्या आणि डब्यात टाकली. माझ्यासमोर, टेबलावर, मी काढलेली आत्या सुईत दोरा ओवत होती.

आत्याने डबा हलवला, झाकण काढलं आणि पहिली चिठ्ठी उघडली.

"गुरुवार."

दुसरी. "गुरुवार."

इथवर ठीक होतं, ही आम्हा दोघांची असणार. दादा टेबलाखालून मला पाय मारत होता. तिसरी उघडली. "गुरुवार." मी आईकडे बघितलं, आई साखरेच्या डब्याकडे बघत होती. चौथी. "गुरुवार." बाबांनी घसा खाकरला. आत्याचा आवाज जराही हलत नव्हता. लोकांचे नंबर परत म्हणून दाखवावेत तसं ती आपलं नाव काटलेलं वाचत होती. पाचवी चिठ्ठी तिने उघडली, त्या चिठ्ठीकडे क्षणभर जास्त बघितलं, पुन्हा घडी घातली आणि म्हणाली, "गुरुवार. पाच पैकी पाच."

"एकमताने!" बाबा उठून उभे राहिले. "अरे, संघटनेत वीस वर्षांत असं झालं नाही. ताई, तू स्वतःसुद्धा! याला म्हणतात घर." त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी टाळ्या सुरू केल्या. आम्ही सगळ्यांनी वाजवल्या. मी सगळ्यात जोरात वाजवल्या, कारण माझा जीव भांड्यात पडला होता. तिने स्वतःच स्वतःचं लिहिलं म्हणजे तिला काही वाटत नसणार. ज्याचं जातंय त्याचीच हरकत नाही, मग आपण का झुरायचं? हे समाधान मी पुढे दहा वर्षं वापरलं.

पुढच्या गुरुवारी आत्या बारालाच घराबाहेर पडली. "जरा फिरून येते," म्हणाली. आली तेव्हा साडेआठ वाजले होते. आई कामावरून येऊन, स्वतः रांधून, आम्हाला वाढून बसली होती आणि तिचं डोकं तापलेलं होतं.

"ताई, फिरायला जायचं तर जा, पण वेळेचं काही भान? इथे मी एका हाताने काय काय करू?"

"चुकलं, वहिनी," आत्या म्हणाली. तिने चपला काढल्या तेव्हा टाचेला मोठा फोड आला होता. मी तो बघितला. तिने पाय टेबलाखाली घेतला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. तिसऱ्याही गुरुवारी तेच. त्या दिवशी तर ती आणखी उशिरा, लंगडत आली. दादा म्हणाला, "बघा, चैन बंद झाली आणि आत्याची तब्येत सुधारली! आता व्यायाम तरी होतोय." आम्ही हसलो. तीही हसली. शहराचं ते टोक आमच्या घरापासून पायी साडेतीन तास होतं. चौथ्या गुरुवारी ती गेली नाही. चार वाजता टेबलाशी बसली होती, हात मांडीवर घेऊन, आणि मी विचारलं, "आत्या, बटण लावून देतेस?" तर तिने दिलं.

आठवड्याचे वार आठच्या आठ सारखे, असं आमच्याकडे झालं. हो, सातच असतात, पण त्या वर्षी आठवडा फार लांब वाटायचा. अंडी बंद, साखर मोजून, आंघोळीला एकच बादली. बाबा म्हणायचे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. त्या घरात सगळ्यात आखूड अंथरूण कुणाचं होतं, ते कुणी पाहिलं नाही. आणि ती भांडी घासताना गुणगुणत नव्हती, हेही माझ्या लक्षात आलं नाही, असं म्हणणं सोयीचं आहे. खरं सांगायचं तर लक्षात आलं होतं. मी त्याबद्दल बोलले नाही, कारण बोलले असते तर पुन्हा मतदान झालं असतं, आणि त्यात माझा वर्ग गेला असता.

सात महिन्यांनी ओव्हरटाइम सुरू झाला. पहिल्या रविवारी बाबांनी मोठ्या थाटात वही उघडली आणि काटलेल्या ओळी एकेक करून परत लिहायला घेतल्या. वर्तमानपत्र आलं. मग ते म्हणाले, "ताई, गुरुवार."

"नको," आत्या म्हणाली.

"अगं, पैसे आहेत आता."

"आता लागत नाही."

बाबांना पुन्हा गहिवरून आलं. पुन्हा टाळ्या झाल्या. शिल्लक राहिलेल्या त्या लहानशा आकड्याचं काय करायचं, हा मुद्दा पुढे आला, आणि बाबांनी सुचवलं की पेन्सिलीला रंगाची चांगली पेटी घ्यावी, मुलीच्या हातात गुण आहे. हात वर करून मतदान झालं. आत्याचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. ती पेटी बारा रंगांची होती. मी ती अगदी जपून, कंजूषपणे, तीन वर्षं पुरवली, आणि माझ्या काटकसरीचं घरात कौतुक झालं.

पुढचं भराभर सांगते, कारण ते सगळ्यांच्या घरी होतं तसंच झालं. दादाने क्लब आपणहून सोडला. त्याला गणित काही जमलं नाही, पण बोलणं जमायचं, म्हणून तो विम्याच्या धंद्यात शिरला. मी चित्रकलेतच पुढे शिकले आणि एकविसाव्या वर्षी शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात चित्रकार म्हणून लागले. झाडाचे भाग, पाण्याचे उपयोग, कुटुंब म्हणजे काय. कुटुंबाच्या चित्रात आई, बाबा, मुलगा, मुलगी, अशी चारच माणसं काढायची असायची.

पहिला पगार झाला तेव्हा माझ्या मनात एक बेत होता. त्या वाईट वर्षी ज्याची जी ओळ गेली होती, ती मी माझ्या पैशाने भरून देणार होते. बाबांना वर्षभराचं वर्तमानपत्र. आईची ओळ गेली नव्हती, पण तिलाही मावशीबरोबर सिनेमाची चांगली, मधल्या रांगेतली तिकिटं. आणि आत्याला सहा महिन्यांचा बसचा पास, सगळ्या मार्गांचा, गुरुवारच काय, रोज फिरली तरी चालेल असा. मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की बसच्या कार्यालयात रांगेत उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईला मी ते सांगितलंसुद्धा.

घरी आले तेव्हा दुपार होती आणि आत्या एकटीच होती. टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती जुन्या कपड्यांची काढून ठेवलेली बटणं रंगाप्रमाणे लावत होती. मी पास तिच्यासमोर ठेवला.

तिने तो उचलला, डोळ्यांपासून लांब धरला आणि सवयीने वरचा नंबर वाचून दाखवला, एकेक आकडा सुटा सुटा.

"हा कशाला गं, बाळ?"

"तुझा गुरुवार," मी म्हटलं. "परत."

तिने तो बटणांपासून दूर, नीट सरळ ठेवला. आणि मला सांगितलं. मैत्रिणीचं, शेजारच्या खुर्चीचं, एका छत्रीचं, चार ते पाचचं. तुम्हाला मी मघाशी सांगितलं ते सगळं. शेवटी म्हणाली, "तुझ्या बाबांचा ओव्हरटाइम सुरू झाला ना, त्याच्या आधीच्या महिन्यात ती गेली. एक्स्चेंजमधल्या एकीचं पत्र आलं होतं."

आणि अशा वेळी माणूस जे करतं तेच मी केलं. आपली बाजू सावरायला लागले.

"पण आत्या, तू स्वतःच तर लिहिलं होतंस. पाच पैकी पाच. तुझी चिठ्ठी..."

"माझी कोरी होती."

"तू तर वाचलीस, गुरुवार म्हणून."

"वाचली." ती पुन्हा बटणं निवडायला लागली. "कुणाचं लिहिणार होते मी? वहिनीचा सिनेमा लिहू, की तुझा वर्ग? कुणाचं लिहवेना. आणि माझं मला लिहवेना. म्हणून कोरी टाकली. मग चार जणांचं तेच निघालं. म्हटलं, आता चार आणि एक कोरी असं सांगितलं तर तुझे बाबा चौकशी करतील, कोरी कुणाची, का कोरी, पुन्हा सभा. त्यापेक्षा एकमत झालेलं बरं. कुणाला टोचणी नको."

दहा वर्षं मला टोचणी नव्हती ती अशी. मला एकदम तिचा रागच आला. आपल्याला लाज वाटली की दुसऱ्याचा राग येतो, त्यातला.

"अगं, पण मग बोलायचं होतंस! दोन मिनिटं होती की हक्काची. एक वाक्य सांगितलं असतंस तरी कुणी लिहिलं नसतं. मीसुद्धा नसतं लिहिलं."

"सांगणार होते," आत्या म्हणाली. "तोंडाशी आलं होतं. पण मग वाटलं, तीन वर्षं जातेय, गुरुवारी कुठे जातेस असं कुणी एकदा विचारलं असतं तर सहज सांगितलं असतं. न विचारता, चिठ्ठ्या टाकायच्या वेळी सांगायचं म्हणजे... ते मागितल्यासारखं झालं असतं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसतं कारण सांगत होती, मला विचारलं म्हणून.

"तिला कळलं का?" मी विचारलं. "तू का येईनाशी झालीस ते?"

"तिसऱ्या गुरुवारी चालत पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. पाय चालेना ना. वेळ संपली म्हणून आत सोडलं नाही. दारातून दिसली. खुर्ची दाराकडे वळवून घेतली होती तिने. मी हात केला, पण संध्याकाळचं ऊन माझ्या पाठीमागे होतं, तिला दिसलं की नाही कोण जाणे." तिने एक पांढरं बटण उचललं, पुसलं, पांढऱ्यांत ठेवलं. "मग चिठ्ठी लिहिली. वाचता यायचं तिला. लिहिलं की घरात कामं वाढलीत, वेळ होत नाही, जमेल तेव्हा येईन."

"असं का लिहिलंस? खरं का नाही लिहिलंस, की बसचे पैसे..."

"खरं कसं लिहू? ती तुम्हा सगळ्यांना ओळखायची, बाळ. दर आठवड्याला तुमच्याच गोष्टी. तुझी चित्रं नेऊन दाखवायचे मी, तुझं फार कौतुक होतं तिला. तुम्ही गुरुवार काटलात असं कळलं असतं तर तिला तुमचा राग आला असता. माझा आला तर आला. तुमचा यायला नको होता."

मी टेबलाची कड धरून बसले. एक बाई कितीतरी महिने दाराकडे खुर्ची वळवून बसली आणि आपल्या मैत्रिणीला वेळ नाही असं समजून मेली, आणि ते तिने तसं समजावं म्हणून माझ्या आत्याने खास पत्र पाठवलं होतं. कशासाठी, तर माझं कौतुक शाबूत राहावं म्हणून. माझ्या बारा रंगांची पेटी तशी आली होती. मी आजवर काढलेलं प्रत्येक चित्र तसं आलं आहे.

आत्याने पास पुन्हा हातात घेतला आणि उलटून मागचा बारीक मजकूर वाचायचा प्रयत्न केला.

"हा परत होतो का गं? पैसे देतात का?"

मी वाचलं. "नाही. एकदा काढला की परत नाही, असं लिहिलंय."

"अगं बाई," आत्या म्हणाली, आणि त्या सगळ्या बोलण्यात पहिल्यांदाच तिचा आवाज दुखावलेला वाटला. "सहा महिन्यांचे? एवढे पैसे वाया गेले की गं. आधी मला विचारायचं तरी."

मग मात्र मला रडू आवरेना. मी टेबलावर डोकं ठेवलं, बटणं इकडे तिकडे गेली, आणि मी अशी रडले की तिला उठून माझ्यापाशी यावं लागलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, मी पैशांसाठी रडतेय.

"जाऊ दे," ती म्हणाली, "पहिलाच पगार आहे, होतं असं. रडू नको, बाळ. पुढचा महिना जरा हात आखडता घेऊ, निघतील भरून."